ताई आता चिडत नाही

ताईला राग येणं बंद झालं तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. आमची ताई म्हणजे तिखट. लहानपणी तिच्या कंपासपेटीला हात लावला तर माझं काही खरं नसायचं. अकोल्याला एमबीबीएस करताना ती शनिवारी खामगावला घरी यायची आणि एसटीच्या कंडक्टरपासून ॲनाटॉमीच्या सरांपर्यंत सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. नकला करता करता त्यांच्यावर चिडायची, चिडता चिडता हसायची. आईला काळजी, पोरीला एवढा राग बरा नाही, सासरी कसं होणार. मग साधारण तीन वर्षांपूर्वी कधीतरी ती शांत झाली. भाजी खारट झाली, तरी गप्प. बाबांनी तेच स्थळ तिसऱ्यांदा काढलं, तरी गप्प. आत्या म्हणाली, "डॉक्टरकी केली का माणूस समजदार होते." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे सर्व्हर जिवंत आहे की नाही हे बघायला एक छोटा प्रोग्राम दर काही सेकंदांनी त्याला हाक मारतो. सर्व्हर "ठीक आहे" म्हणतो, डॅशबोर्डवर हिरवा ठिपका दिसतो, सगळे चहाला जातात. पण कधीकधी आतलं सगळं काम ठप्प झालेलं असतं आणि फक्त "ठीक आहे" म्हणणारा भाग तेवढा चालू असतो. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बिघाड हाच. क्रॅश झालेला सर्व्हर परवडतो, कारण तो निदान ओरडतो. ताईला फोन केला की ती म्हणायची, "ठीक आहे रे." रोज, त्याच आवाजात.

तिचं थोडं सांगतो. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. २०१२ मध्ये बारावी आणि सीईटी. बाबा जिनिंगमध्ये मुनीम होते, त्यामुळे खासगी कॉलेजचा प्रश्नच नव्हता. सरकारी सीट लागली तर डॉक्टर, नाहीतर बीएस्सी. लागली. साडेपाच वर्षं, मग बंधपत्राची सेवा, मग तिथेच आसपास नोकरी. आता ती आमच्याच जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. कुठल्या ते सांगत नाही. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. घाटावर हवा थंड, घाटाखाली मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. ताईचं रुग्णालय घाटाखाली आहे, एवढं पुरे.

ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा. कागदावर डॉक्टरांची पदं चार-पाच असतात. ताईकडे प्रत्यक्षात दोघं आहेत, कधी तिघं. एकजण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा कोर्टात साक्षीला गेला की उरलेल्या माणसाचं काय होतं याचं गणित तुम्हीच करा.

मागच्या पावसाळ्यात मी चार दिवस तिच्या क्वार्टरवर राहिलो होतो. वर्क फ्रॉम होम म्हणायचं, पण नेटवर्क फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात यायचं. पहिल्या दिवशी सकाळी मी ओपीडीच्या बाकावर बसून बघितलं. साडेनऊ ते दीड या वेळात तिने किती माणसं तपासली ते मोजायला सुरुवात केली आणि दीडशेच्या पुढे सोडून दिलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. चांगलंच झालं, माझ्या आजीसारख्या बायका दहा रुपयांसाठीही दुखणं अंगावर काढायच्या. पण तिथे रांग वाढली आणि टेबल तेवढंच राहिलं.

"मॅडम, सुई टोचून द्या." "मॅडम, सलाईन लावा ना, गोळीनं काही होत नाही." ताई आधी म्हणे प्रत्येकाला समजावायची, की सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, तुम्हाला तोंडाने पाणी पिता येतं. आता ती समजावत नाही. मान खाली, पेन चालू. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "बाई, मायाकडे पाहा तरी." ती वर पाहत म्हणाली, "पाहिलं बाबा." तिने खरंच पाहिलं होतं. डोळ्याची पापणी खाली ओढून, जीभ बघून, छाती ऐकून सगळं तपासलं होतं, औषधही बरोबर दिलं होतं. म्हाताऱ्याचं म्हणणं वेगळंच होतं आणि ते तिला कळलं होतं, हे मला दिसलं.

दुपारी सर्पदंश आला. सोयाबीनमध्ये निंदायला गेलेली बाई, हाताला चावा, डोळ्यांच्या पापण्या मिटायला लागलेल्या. ताई जी जागी झाली म्हणता! अँटीव्हेनम, निओस्टिग्मिन, ॲट्रोपिन, १०८ ला फोन, नातेवाइकांपैकी कोण बरोबर जाणार ते ठरवणं, सगळं पंधरा मिनिटांत. मी दारात उभा राहून थक्क. बाईला अकोल्याला पाठवलं, ती वाचली. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "ताई, काय भारी केलंस तू!" ती चहा गाळत होती. म्हणाली, "प्रोटोकॉल आहे तो." आणि मग बराच वेळ काहीच नाही.

रात्री पावणेतीनला दार वाजलं. पहाटे पाचला पुन्हा. सकाळी नऊला ओपीडी होतीच.

आता एक अशी गोष्ट सांगतो जी बुलढाण्यातला कुठलाही सरकारी डॉक्टर सांगेल, फक्त कोणी विचारत नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिलं होतं, कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्या. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा आणि आमचा बुलढाणा. या विषयावर कापसाच्या भावापासून सावकारीपर्यंत खूप लिहिलं गेलं. पण प्रत्येक मृत्यूनंतर ते शरीर एका खोलीत जातं, तिथे एक डॉक्टर असतो आणि तो बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षांचा असतो. शवविच्छेदन त्याने करायचं, व्हिसेरा बाटलीत भरून सील करायचा, अहवाल लिहायचा. कुटुंबाला एक लाखाची सरकारी मदत मिळणार की नाही, म्हणजे प्रकरण पात्र की अपात्र, हे ठरवणाऱ्या फायलीत तो अहवाल लागतो. बाहेर लिंबाच्या झाडाखाली माणसं बसलेली असतात. त्यातला एखादा मेहुणा आत येऊन हळूच म्हणतो, "मॅडम, लवकर सोडा, घरी लहान लेकरं हायेत."

नोकरीच्या पहिल्या वर्षी ताई मला रात्री फोन करून खिशातल्या वस्तू सांगायची. शवविच्छेदनाआधी कपड्यांची नोंद होते, खिशात काय होतं ते लिहितात. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी. बँकेच्या पासबुकाची घडी घातलेली झेरॉक्स. एकदा म्हणाली, एकाच्या खिशात मुलीच्या शाळेच्या सहलीची पावती होती, शंभर रुपये भरल्याची, तारीख परवाची. ती फोनवर रडली होती. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, होस्टेलच्या जिन्यात बसून ऐकत होतो, आणि मला वाटलं होतं ताईला हे काम झेपणार नाही.

झेपलं. दुसऱ्या वर्षी ती वस्तू सांगेनाशी झाली. "आज एक पीएम होतं," एवढंच. मग "आज दोन." मग तेही नाही, मीच विचारायचो.

आमच्या कामातही पोस्टमॉर्टेम असतं, बरं का. शब्द तोच. सिस्टीम बंद पडली की दुसऱ्या दिवशी टीम बसते, काय बिघडलं ते लिहिते, आणि पहिला नियम असा की कुणावर दोष ठेवायचा नाही. चूक माणसाची नसते, रचनेची असते, असं धरून चालायचं. बरोबर बिस्किटं असतात. रात्री ऑन-कॉल असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा असते आणि आठवड्याने पाळी बदलते. आम्ही हे सगळं का करतो? तर कुणाचं तरी पेमेंट दहा मिनिटं अडकलं म्हणून. मी ताईला हे एकदा सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यात मेलेला सर्व्हर परत चालू होतो ना?" बोचरं बोलली, पण निदान बोलली. तो फोन मला आवडला होता.

बर्नआउट हा शब्द मला ऑफिसात भेटला. एचआर त्यावर वेबिनार घेते. पण त्याचा जन्म आयटीतला नाही, दवाखान्यातलाच आहे. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी गरिबांच्या मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले तरुण स्वयंसेवक, जे सगळ्यात मनापासून आले होते तेच, काही महिन्यांत विझत जाताना त्यांनी बघितले आणि १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये सहकारी सुझन जॅक्सनबरोबर त्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात तीन गोष्टी मोजतात. पहिली, आतून रिकामं होणं. दुसरी, समोरच्या माणसाचं माणूसपण दिसेनासं होणं, तो फक्त केस होणं. तिसरी, आपण करतो त्याला काही अर्थ नाही असं वाटणं.

पहिली गोष्ट सगळ्यांना कळते. थकलं की झोपावं. आमच्याकडे "अंग आंबून गेलं" म्हणतात, आणि अंग आंबलं तर आई डोक्याला तेल लावते. दुसऱ्या गोष्टीला मराठीत शब्द नाही. मी शोधला. वैताग नव्हे, कारण वैतागलेला माणूस चिडतो. कंटाळाही नव्हे, कंटाळा आला की माणूस दुसरं काहीतरी शोधतो. उबग जवळ येतो, पण उबग दुसऱ्याचा येतो. इथे जे होतं ते स्वतःचंच आपल्यातून उठून जाणं. आमच्या आजीचा एक शब्द होता, "मन उठलं." ती तो संसारातून मन उठलेल्या बाईबद्दल वापरायची, जी स्वयंपाक करते, धुणं धुते, पाहुण्यांना चहा देते, पण घरात नसते.

तिसरी गोष्ट ताईने मला वेगळ्या शब्दांत सांगितली होती. "मी रेफर मशीन झालीय," म्हणाली. बाळंतिणीला रक्त लागतं, ते इथे नाही, पाठव अकोल्याला. डोक्याला मार, सीटी नाही, पाठव. हे सगळं शिकून आपण फक्त पुढच्या डॉक्टरचं नाव सांगणारी पाटी झालो, असं तिला वाटतं. २०१८ मध्ये वेंडी डीन आणि सायमन टॅलबॉट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं होतं की डॉक्टरांच्या या अवस्थेला बर्नआउट म्हणणंच चूक आहे. रुग्णाला काय लागतं ते माहीत असून देता येत नाही, त्याची ही जखम आहे. नैतिक इजा, असं त्यांनी म्हटलं. त्यांच्यापुढे विमा कंपन्या होत्या, ताईपुढे रिकामं फ्रीज आहे. इजा तीच असावी.

आकड्यांबद्दल थोडं. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशांत असं आहे की निवासी डॉक्टरचं काम साधारणपणे आठवड्याला ४८ तास असावं आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नसावं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला आणि शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, एक दिवस सुट्टी द्यावी. म्हणजे ३२ वर्षांनी आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि ही सुधारणा आहे. त्याच अहवालाच्या सर्वेक्षणात उत्तरं देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. दर तिघांत एक. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तास काम करायला सांगितलं तेव्हा आम्ही आयटीवाल्यांनी महिनाभर मीम्स बनवले होते. डॉक्टरांच्या ७४ वर एकही मीम माझ्यापर्यंत आलं नाही.

आणि ताई तर निवासी डॉक्टरही नाही. तिच्या तासांची कुणी शिफारस केलेली नाही. भिंतीवर ड्युटीचा तक्ता असतो, तो किती माणसं हजर आहेत यावर ठरतो.

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटून पेटली. २५ जण गेले. नागपूरहून पुण्याला निघालेली बस. त्या मार्गाने मीही प्रवास केलाय, त्यामुळे दिवसभर मला फोन येत होते. मृतदेह ओळखू येण्याच्या पलीकडे होते, दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. ताईचं रुग्णालय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिचा त्या कामाशी संबंध आला नाही. टीव्हीवर ड्रायव्हर, टायर, हायवेचं काँक्रीट, संमोहन, सगळ्यावर चर्चा झाली. मी एकटाच हे विचारत बसलो होतो की एका रात्रीत एवढ्या जळालेल्या माणसांची नोंद करणारे डॉक्टर, नर्स आणि शवागारातले कामगार सोमवारी ओपीडीला बसले असतील का. ताईला विचारलं. "बसले असतील," ती म्हणाली. "सोमवारी गर्दी असते."

इथे एक गोष्ट बोललं पाहिजे. डॉक्टरांबद्दल लिहिलं की खाली लोक लिहितात, कट प्रॅक्टिसबद्दल का बोलत नाही, लाखालाखाची बिलं का दिसत नाहीत. दिसतात. मलाही पुण्यातल्या एका हॉस्पिटलने तापासाठी सतरा तपासण्या लिहून दिल्या होत्या. मी डॉक्टरांना देव मानत नाही, आणि मला वाटतं देव मानण्यानेच निम्मं नुकसान झालंय. देवाला सुट्टी लागत नाही. आणि देव पावला नाही की लोक मूर्ती फोडतात. त्यासाठी आपल्या राज्यात २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तरीही ताईच्या रुग्णालयात एका रात्री दारू पिऊन आलेल्या चौघांनी ड्रेसिंगचा ट्रॉली उलथवला होता. शिवाय ताई निदान अधिकारी आहे. तिच्या हाताखालच्या कंत्राटी नर्स आणि आशाताई यांची कहाणी लिहायला बसलो तर ती माझ्यापेक्षा त्यांनीच लिहिलेली बरी.

शेगावचं उदाहरण मला नेहमी आठवतं. गजानन महाराज संस्थानातले सेवेकरी तुम्ही पाहिले असतील, पांढरे कपडे, पांढरी टोपी, "माउली, इकडून या" म्हणत रांग लावणारे. गावोगावचे शेतकरी असतात ते. पाळीने येतात, ठरलेले दिवस सेवा करतात आणि आपल्या गावी, आपल्या म्हशीकडे परत जातात. मागे पुढची तुकडी वाट बघत असते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू खरं असतं याचं कारण मला तरी हेच वाटतं. सेवेलाही पाळी असते, हे आमच्या घरापासून वीस किलोमीटरवर लोकांना कधीचं कळलंय. ताईला मात्र निवड झाली त्या दिवसापासून "ही तर सेवा आहे" असं सांगितलं गेलं आणि पाळीचा विषय कुणी काढला नाही.

मला खरी भीती वाटली ती २०२४ च्या दिवाळीत. मी घरी होतो, ताई ड्युटीवर. रात्री दोनच्या सुमाराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी ताईला फोन लावला. तिने एका रिंगमध्ये उचलला.

"पेशंट शुद्धीवर आहे?"

"हो."

"घाम? उलटी? दुखणं हातात, जबड्यात जातंय?"

"हो, घाम आहे. डाव्या हातात."

"वय?"

मी म्हटलं, "एकसष्ट." म्हणजे ती आमच्या बाबांचं वय विचारत होती आणि मी ते सांगत होतो, आणि त्या क्षणी दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ॲस्पिरिन चघळायला दे, झोपवू नको, बसव, गाडी काढ, इथे कुठे थांबू नका, सरळ अकोला, मी तिथे फोन करते. सगळं अचूक. पहाटे साडेचारपर्यंत अँजिओप्लास्टी झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलंत. बाबा वाचले ते ताईमुळे, याबद्दल घरात कुणाला शंका नाही.

ताई दुपारी पोहोचली. फाइल वाचली, मॉनिटर बघितला, ड्रिपचा वेग बघितला, आईला पथ्य सांगितलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली कारण रात्रीची ड्युटी होती. ती गेल्यावर बाबा बराच वेळ पंख्याकडे पाहत होते. मग मला म्हणाले, "माह्याशी डॉक्टरीण बोलली रे. पोरगी नाही बोलली."

हे मी तिला सांगायला नको होतं की सांगायला हवं होतं, यावर माझं आणि आईचं अजून एकमत नाही. मी सांगितलं. पंधरा दिवसांनी, तिच्या क्वार्टरच्या गच्चीवर. मला वाटलं ती रडेल किंवा माझ्यावर उखडेल. दोन्ही चाललं असतं. ती म्हणाली, "मला त्या रात्री काहीच वाटलं नाही. भीती पण नाही. फोन ठेवल्यावर मी पुढचा पेशंट बघितला. नंतर आठवलं, अरे, ते बाबा होते." मग थोडं थांबून, "आधी मला वाटायचं मी टफ झालेय. आता वाटतं, आत कुणी आहे का तेच माहीत नाही."

मी तिला टेलिमानसचा नंबर द्यायला गेलो, १४४१६. मला मोठं काहीतरी सापडलं होतं. ती हसली, महिन्यांनी हसली. तिच्याच ओपीडीच्या भिंतीवर त्याचं पोस्टर होतं, तिनेच लावून घेतलेलं. २०२२ मध्ये सेवा सुरू झाल्यापासून ती तो नंबर रोज कुणाला तरी लिहून देते. "मी फोन केला आणि समोरून बॅचमेटचा आवाज आला तर?" म्हणाली. मग सांगितलं की आशाताई गावात शेतकऱ्यांच्या घरी जाऊन नैराश्याची प्रश्नावली भरतात, प्रेरणा प्रकल्पात. त्यांना ती कशी भरायची हे शिकवण्याचं सत्र तिने घेतलं होतं. पहिलाच प्रश्न असतो की आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का. तो वाचून दाखवताना एका आशाताईने सहज विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही नकला करता म्हणे, आमाले कधी करून नाही दाखवल्या." ताईने दुसरा प्रश्न वाचायला घेतला.

तिला काय हवं होतं, हे मी शेवटी सरळ विचारलं. माझ्या डोक्यात थेरपी, पीजी, राजीनामा, पुण्यात कॉर्पोरेट हॉस्पिटल असे चार पर्याय तयार होते. इंजिनीअर माणूस, पर्याय लगेच तयार होतात. ती म्हणाली, "एक महिना. कुणी हाक मारणार नाही असा."

आरोग्य विभागाने मध्यंतरी ताणमुक्तीवर ऑनलाइन सत्र ठेवलं होतं, प्राणायाम वगैरे, हजेरी सक्तीची. ताईने ते ओपीडीत फोन उभा करून ऐकलं. माझा प्राणायामाला विरोध नाही. पण तीन माणसांचं काम एक माणूस करत असेल तर त्याला चौथं काम म्हणून प्राणायाम देऊ नये. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात आमचं बुलढाणाही आहे. आमच्या मामाची पोरगी आता नीटची तयारी करते, म्हणते, "आता घरच्या घरी डॉक्टर होता येईल." तिने ताईला फोन करून विचारलं, ताई, होऊ का डॉक्टर? ताईने तिला फिजिक्स कुठल्या पुस्तकातून कर ते सांगितलं, पाऊण तास. प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

रजेचा अर्ज मी तिच्याबरोबर बसून लिहिला. रजेचे कारण, असा रकाना असतो. ती म्हणाली, काय लिहू? मी म्हटलं, खरं लिही, बर्नआउट. कार्यालयातले बाबू तसे भले गृहस्थ. त्यांनी समजावलं की मॅडम, आजार लिहाल तर प्रमाणपत्र जोडा लागते. तिथेच गाडी अडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या यादीत जागा दिली खरी, पण कामाशी संबंधित अवस्था म्हणून. आजार म्हणून नाही. त्याचं प्रमाणपत्र कोण देणार, आणि कशाचं? शिवाय तालुक्यात आजारपणाची प्रमाणपत्रं देते कोण, तर ताईच. बाबू म्हणाले, "घरगुती कारण लिहा ना, त्याले कोणी काही विचारत नाही." तिने घरगुती कारण लिहिलं. महिना मागितला होता, बारा दिवस मंजूर झाले. बदली डॉक्टर मिळाला नाही, त्यामुळे तिचा सहकारी सध्या एकटा रेटतोय, आणि रजेच्या पहिल्या दिवशी ताईने दोनदा त्याचंच नाव काढलं.

आज सहावा दिवस. ती खामगावला घरी आहे. पहिले तीन दिवस फक्त झोपली, जेवायलाही उठवावं लागलं. काल बाबांबरोबर बाजारात जाऊन आली. दोघं काय बोलले ते बाबा सांगत नाहीत, फक्त तिने त्यांच्यासाठी नवीन चपला घेतल्या, एवढं कळलं. राजीनामा द्यायचा की पीजीला बसायचं की आहे तिथेच राहायचं, काहीही ठरलेलं नाही, आणि तो विषय काढायचा नाही असं आईने मला बजावलंय. तिचा फोन आईने देवघरात, गजानन महाराजांच्या फोटोमागे ठेवलाय. दिवसातून चार-पाचदा वाजतो. आई हात पुसत जाते, उचलते आणि सांगते, "मॅडम घरी नाहीत. गावाले गेल्या. कधी येतील काही सांगता येत नाही बापा."